स्टेपनीखालचा पिवळा ठिपका

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
२ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दिवाकरकाका यांस,
जितेशचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पत्र सालोमीबाईंच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय. मालनकाकींसमोर गाडी हा शब्द काढायचा नाही, घरातला एकुलता एक मोबाईल त्यांच्या हातात, आणि फोन केला तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. मग राहिलं काय, पोस्ट! ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले. शाळेत मार्कांसाठी पाठ केलेला मायना आता उपयोगी पडतोय, चुकला असेल तर कान पकडा.

काम असं आहे की मला गाडी घ्यायची आहे. साधी नाही, जरा पळणारी. सेकंडहँडच, कारण बजेट सव्वातीन लाख आणि त्यावर एक रुपया नाही. फ्लॅटचा हप्ता गेल्यावर उरतं काय हो? अनुष्का म्हणते, एवढ्यात एखादी शांत, घरगुती गाडी येईल, ती घे आणि सुखाने जग. पण काका, तुम्हाला माहितीये. मी आणि तुमचा मयूर सातिवलीच्या तुमच्या गाळ्यात, उतरवून ठेवलेल्या सीटवर बसून गाड्यांची चित्रं काढायचो. त्याची लाल, माझी निळी. त्याला जाऊन चार वर्षं झाली. मला तिशी लागली. आता नाही घेतली तर कधीच घेणार नाही.

अडचण आईची आहे. ती म्हणते, वेगाने घरातला एक पोरगा खाल्ला, दुसरा देणार नाही. मी तिला किती वेळा सांगितलं, मयूर जोरात चालवायचा, मी तसा नाही. ऐकतच नाही. शेवटी म्हणाली, दिवाकर भाऊजींनी गाडी पास केली तर घे. पंचवीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलेला माणूस, त्यांच्या शब्दावर मी पुढच्या सीटवर बसेन. म्हणजे सगळं तुमच्यावर आलं बघा.

तीन गाड्या हेरून ठेवल्यात. एक चंदेरी सेडान, मोठ्या इंजिनाची, मागे कुणीतरी भलामोठा आवाजाचा सायलेन्सर लावलेला. एक निळी, इतकी स्वस्त की भीतीच वाटते. आणि एक लाल टर्बो, हायवेवरच्या एका डीलरकडे. कशी तपासायची ते लिहा. तुम्ही सांगाल ते शब्दन् शब्द करीन.

काकींना नमस्कार सांगू नका, नाहीतर पत्राचं बिंग फुटेल. माझ्यावरची माया आहे तशी असू द्या.

तुमचा,
जितेश


गिरीज, वसई
६ नोव्हेंबर २०२५

चि. जितेश यास,
दिवाकरकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सालोमीबाईंनी पावाच्या पुडक्यात घालून दिलं. केळींना पाणी लावायचं निमित्त करून वाडीच्या टोकाला गेलो आणि तिथे उभ्याने वाचलं. या वयात चोरून पत्रं वाचायची पाळी आणलीस, गाढवा.

माझा शब्द कशाला पाहिजे तुम्हाला? चार वर्षं मी हातोडीला हात लावलेला नाही. हातोडीने कान नेले, बाकी काय नेलं ते सोड. पण नाही म्हटलं तर तू ऐकायचा नाहीस. तुझा बाप प्रल्हाद तरी कुठे ऐकायचा? वाडी सोडून फ्लॅटमध्ये जाऊ नको म्हणून मी घसा कोरडा केला होता. तेव्हा लिहितो, नीट वाच.

गाडी भर उन्हात बघायला जा. ऊन तिरपं असेल तेव्हा बाजूला बसून पत्र्यावर नजर टाक, पुट्टी भरलेली जागा पाण्यासारखी हलते. फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून ने, पुट्टीवर ते चिकटत नाही. डीलर हसेल, हसू दे. दाराच्या बिजागरीचे बोल्ट बघ. रंग खरवडलेला दिसला तर दार कधीतरी उतरवलंय. सीटबेल्ट ओढ, अगदी शेवटपर्यंत ओढ. लोक सीट बदलतात, गालिचा बदलतात, पण बेल्टचं आत गुंडाळलेलं टोक कुणी धूत नाही. तिथे वाळका गाळ दिसला तर ती गाडी पाण्यात बसलेली. आपल्याकडे दर पावसाळ्यात किती बसतात ते तू डोळ्यांनी बघतोस. आणि डिकीतली स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघ. मागून ठोकर बसली असेल तर तिथे सुरकुत्या पडतात, त्या कितीही ठोकल्या तरी पूर्ण जात नाहीत.

त्या मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवाल्या गाडीच्या वाटेला जाऊ नकोस. ज्याला लोकांची झोप मोडायची हौस, त्याने इंजिनाची काय दया केली असणार?

आणखी एक. मयूर जोरात चालवायचा असं तू लिहिलंस. ते पुन्हा लिहू नकोस.

अनुष्काला आणि वहिनींना माझी आठवण सांग. तुझ्या पत्राची वाट बघतो हे मान्य करायला मला लाज वाटते, पण बघतो.

तुझा,
दिवाकरकाका


आचोळे
१६ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. काका यांस,
जितेशचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पेढे ठेवा तयार! गाडी मिळाली.

चंदेरी तर तुम्ही म्हणालात म्हणून बघितलीच नाही. निळीचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चक्क गाळाची रेघ! मालक म्हणे, पोरांनी मातीचे पाय लावले असतील. बेल्टच्या आत कुणाची पोरं पाय घालतात? मी चुंबक खिशात टाकून सरळ बाहेर आलो. काका, त्या क्षणी तुमचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू.

मग लाल. पत्रा जवळजवळ साफ, पुढच्या बाजूला थोडी पुट्टी, बेल्ट कोरडा. मग स्टेपनी उचलली आणि बघतच राहिलो. खाली, डाव्या कोपऱ्यात, पिवळा ठिपका! तुमच्या बोटाचा! आम्ही लहान असताना काम संपलं की तुम्ही पिवळ्या रंगात बोट बुडवून स्टेपनीखाली टेकवायचात, आणि मयूर ओरडायचा, गाडीला हळद लागली, आता नांदायला पाठवा. डोळ्यांत पाणी आलं हो. शंभर गाड्यांतून तुमच्या हातची गाडी माझ्याच वाट्याला यावी! डीलर म्हणाला, पाच-सहा वर्षांपूर्वी पुढून किरकोळ लागली होती, वसईतच काम झालंय. मी मनात म्हटलं, कुणाकडे झालंय ते मला विचार.

आईला घरी येऊन सांगितलं. तिने तिथल्या तिथे हात जोडले. म्हणाली, भाऊजींचं बोट लागलंय ना, मग मयूरचाच आशीर्वाद समजते. मी लगेच टोकन देऊन टाकलं. येत्या रविवारी, तेवीस तारखेला, ताबा. आईला पुढच्या सीटवर बसवून पहिल्यांदा जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी नेणार.

एक बारीकशी गोष्ट. चावी फिरवली की मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागतो, तो इंजिन चालू होईपर्यंत तसाच राहतो आणि मग बॅटरीच्या दिव्याबरोबर विझतो. अगदी एका क्षणाला. डीलर म्हणाला या मॉडेलमध्ये असंच असतं. एरवी मी कुणाला तरी विचारलं असतं, पण तुमचा ठिपका बघितल्यावर विचारलं नाही.

तुमचे आशीर्वाद आता गाडीलाही हवेत.

तुमचा लाडका (मयूर नाही, म्हणून मीच),
जितेश


गिरीज
१९ नोव्हेंबर २०२५

जितेश,

गाडी घेऊ नकोस. आधी एवढं वाच, मग बाकीचं.

काल मी तुमच्याकडे आलो होतो. तू कामावर होतास. वहिनींनी चहा केला, माझ्या पाया पडल्या. बोटाला कपाळ लावलं माझ्या. मी चहा पिऊन परत आलो. तोंड उघडलं नाही. म्हणून हे लिहितो आहे आणि स्पीड पोस्टाने टाकतो आहे.

त्या गाडीत एअरबॅग नाहीत. गाडी पुढून चांगलीच आपटली होती, किरकोळ नाही. दोन्ही पिशव्या फुटल्या होत्या. नव्या बसवायच्या तर तेव्हा लाखभर खर्च, आणि डीलरला तो करायचा नव्हता. मी स्टीअरिंगला नवीन कव्हर बसवलं, आत काही नाही. पुढचा डॅशबोर्ड जोडून रंगवला. पण एअरबॅगचा दिवा सारखा लागून राहतो, गिऱ्हाइकाला कळतं. तर त्याची वायर बॅटरीच्या दिव्याला जोडायची. चावी फिरवली की दोन्ही लागतात, इंजिन चालू झालं की दोन्ही विझतात. चांगल्या गाडीत एअरबॅगचा दिवा इंजिनाची वाट बघत नाही, तीन-चार सेकंदांत आपला आपण विझतो. ही युक्ती वसईत माझ्याइतकी सफाईने कुणी करत नव्हतं. मला तिचा अभिमान होता. अशा बारा गाड्या केल्या मी. त्यांनाही हळद लावली.

मागच्या पत्रात मी तुला चुंबक सांगितलं, बेल्ट सांगितला, बोल्ट सांगितले. दिव्याचं लिहिलं नाही. विसरलो नव्हतो. लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस की हे तुम्हाला कसं माहीत.

आता मयूर. त्या दिवशी गाळ्यातली पांढरी सेडान गिऱ्हाइकाला पोचवायची होती. मीच त्याला चावी दिली. जा, पोचवून ये, एवढंच बोललो. हायवेला डंपर दिवे न लावता उभा होता. मयूरने बेल्ट लावला होता, ब्रेकही दाबला होता, रस्त्यावर खुणा होत्या. पोलीस म्हणाले की वेग पन्नासच्या आसपास असावा. मी गाडी बघायला गेलो. पुढचा पत्रा आत गेला होता आणि स्टीअरिंगचं कव्हर जसंच्या तसं होतं, साधा तडासुद्धा नाही. मी बसवलेलं. छाती त्याच्यावर आपटली होती.

तेराव्याला सगळे म्हणाले, वेग नडला. मी मान हलवली. चार वर्षं हलवतोय. माझा पोरगा हळू चालवत होता, जितेश. त्याच्यावर आळ मी येऊ दिला, कारण तो आळ नसता तर माझ्यावर आला असता.

मालनला हे ठाऊक नाही.

वहिनींना त्या सीटवर बसवू नकोस.

दिवाकर


आचोळे
२४ नोव्हेंबर २०२५

काका,

मायना सुचत नाही, तेव्हा तसंच लिहितो.

पत्र शुक्रवारी मिळालं. ऑफिसला गेलो नाही. तेराव्याला वेग नडला असं पहिल्यांदा कोण बोललं होतं, आठवतं? मी. तुमच्या अंगणात, काकींच्या समोर. आणि तुम्ही मान हलवलीत. चार वर्षं मी मयूरवर रागावून होतो काका. त्याच्या फोटोकडे बघून शिव्या घातल्यात मी त्याला. त्या शिव्या आता कुठे ठेवू?

आईला खरं सांगितलेलं नाही. इंजिन खराब निघालं म्हणालो. ती म्हणाली, भाऊजींना विचारल्याशिवाय सोडू नकोस. मी बाथरूममध्ये जाऊन नळ चालू करून रडलो.

गाडी सोडली. टोकन परत मागितलं तर डीलर म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक लागलं तर देतो, रविवारी या. काल गेलो. गिऱ्हाईक तिथेच होतं. वेदांत नावाचा माणूस, आपल्याच आचोळ्यातला, तलावाच्या बाजूच्या इमारतीत राहतो. बरोबर बायको स्वप्ना आणि चार-पाच वर्षांची मुलगी. मुलगी आधीच पुढच्या सीटवर चढून बसली होती, उतरायला तयार नव्हती. तो चांगला माणूस आहे. माझ्यासारखाच, बरीच वर्षं पैसे साठवून आलेला. त्याने मला विचारलं की तुम्ही गाडी का सोडली.

डीलर माझ्याकडे बघत होता. माझे पैसे त्याच्या हातात होते.

मी म्हणालो, घरचे नको म्हणाले. एवढंच. त्याने हसून हात मिळवला, मी पैसे मोजून घेतले आणि निघालो. मी खोटं बोललो नाही, काका. घरचे नको म्हणालेच होते.



जितेश


गिरीज
२८ नोव्हेंबर २०२५

चि. जितेश यास,
काकाचे आशीर्वाद, तुला चालत असतील तर.

तुझं पत्र मी वाडीत वाचलं नाही. ओटीवर, मालनच्या समोर वाचलं आणि वाचून तिच्या हातात दिलं. माझ्या एकोणीस तारखेच्या पत्रात काय होतं तेही सांगितलं. तिने दोनदा वाचलं. मग चूल विझवली आणि मयूरच्या फोटोवरची धूळ पदराने पुसत बसली. दोन दिवस ती बोलली नाही. मला तसंही ऐकू येत नाही, पण ओठ हलत नाहीत हे दिसतं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

मला त्या बारांपैकी सात गाड्यांचे नंबर आठवतात. ते लिहून काढले. काल मालनला कागद दाखवला आणि म्हणालो, उद्या पोलीस ठाण्यात जाऊन देतो, जे व्हायचं ते होऊ दे. तिने पेन घेऊन तुझ्या पत्राच्या मागे लिहिलं, मी येते, ते काय विचारतील ते तुम्हाला ऐकू येणार नाही, मी ऐकेन. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिने मला लिहिलेलं हे पहिलं पत्र. त्यात माया आहे की नाही ते मी विचारलं नाही.

आता तुझं. मी खोटं बोललो नाही, असं तू लिहिलंस. बाळा, मीही कधी बोललो नाही. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला दिव्याचं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुझं वाक्य वाचलं तेव्हा वाटलं, हे अक्षर जितेशचं आहे, पण बोलतोय मी. मला राग आला नाही, भीती वाटली. तू माझ्याकडून चुंबक शिकलास, बेल्ट शिकलास. हे शिकू नकोस रे.

सोबत एक पाकीट आहे, त्या वेदांतसाठी. आत सगळं लिहिलंय. दिवा कसा बघायचा, स्टेपनीखाली काय आहे, ते बोट कुणाचं, आणि माझा मुलगा कसा गेला. खाली माझं पूर्ण नाव आणि पत्ता आहे. पाकीट चिकटवलेलं नाही, तू वाच. वर पत्ता घातलेला नाही, कारण तो मला ठाऊक नाही, तुला आहे. पोस्टात टाकू नकोस, हातात दे. तो विचारेल, रविवारी का नाही बोललात. तेव्हा काय उत्तर द्यायचं ते मी सांगू शकत नाही, मला कधी जमलं नाही.

वहिनींनाही सांग. माझ्या बोटाला त्यांनी कपाळ लावलं, ते काही केल्या धुऊन निघत नाही.

लोभ असावा असं लिहायची माझी लायकी राहिली नाही, म्हणून ते लिहीत नाही. एवढंच लिहितो की हे पत्र तुला सोमवारपर्यंत मिळेल, आणि त्याची मुलगी पुढच्या सीटवर बसते.

दिवाकरकाका