शिवणकाकूंची लेक

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मला शेवटपर्यंत बोलायचं आहे.

मी बरी आहे. खोलीतला हीटर एकदाचा दुरुस्त झाला. घरमालकाच्या इतकी मागे लागले की मला जिन्यात पाहिलं की तो वाट बदलतो. वजन वाढलंय, तेव्हा नीट जेवतेस का, हे विचारू नकोस.

कामाचं सांगते. माणसांना फसवून देशाबाहेर नेणाऱ्या टोळ्यांचा आमचा अभ्यास आहे, हे तुला माहीत आहेच. आधी टेबलाशी नुसते प्राध्यापक बसायचे आणि एकमेकांच्या हो ला हो मिळवायचे. आता संस्थेने नाना तऱ्हेची माणसं आणून बसवली आहेत. एक निवृत्त कस्टम अधिकारी आहेत, त्यांना चहा आणणाऱ्याचाही संशय येतो. एक वकीलबाई आहेत, त्यांना ऐकू येत नाही. खुणांची भाषा येणारा दुभाषी शेजारी असतो, त्यामुळे एका वेळी एकानेच बोलावं लागतं. प्राध्यापकांच्या अगदी जिवावर येतं. आणि एक बाई आहे, जी लहान वयात स्वतःच विकली गेली होती. तिच्याशी आम्ही जपून जपून बोलायचो. पहिल्याच आठवड्यात तिने झापलं, "मी काचेचं भांडं नाही. माझं चुकलं तर चुकलं म्हणा."

मध्यंतरी वाद झाला, तो टोळीसाठी बायका नेणाऱ्या बायकांवरून. कस्टमवाले काका म्हणाले, "गुन्हेगार म्हणजे गुन्हेगार. त्यात चघळायचं काय?" प्राध्यापक म्हणाले, त्याही परिस्थितीच्याच बळी. ती बाई दोघांवर उखडली. "मला नेणारीलाही आधी कोणीतरी नेलं होतं. तिला नुसती गुन्हेगार म्हणालात तर ती तोंड उघडणार नाही. नुसती बिचारी म्हणालात, तर माझं काय?" मला ते पटलं. तेव्हा पटायला सोपं होतं.

मुलाखती आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकायच्या असतात. नाव नसतं, आवाज बदललेला असतो. बोलणारी ओळखीची वाटली तर मुकाट्याने उठून बाहेर जायचं. कारण कोणी विचारत नाही. मंगळवारी एक मुलाखत लावली. बाई सांगत होती, पहिल्यांदा मला फसवून नेलं, नंतर मीच गाडीत बसून बायकांना नेलं, सगळं माहीत असताना. मग थांबली आणि म्हणाली, "थांब, आधी पाणी पिते."

ताई, आवाज बदलला तरी ते बदलत नाही. आईच्या ऑपरेशनचं सांगताना तू हेच म्हणाली होतीस. बाबा गेल्याचं सांगतानाही.

मी लगेच उठायला हवं होतं. उठले नाही, पुढचंही ऐकलं. आपल्या जिन्याखालच्या शिवणकाकूंची लेक त्या गाडीत होती. सीमेपलीकडे तिला दुसऱ्या माणसाच्या ताब्यात दिलं आणि पुढे तिचं काय झालं, ते तुला माहीत नाही. मग मी उठले.

ताई परदेशात कपडे धुण्याच्या कारखान्यात होती, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. तिथे तू काय सोसलं असशील, हे मंगळवारपासून डोक्यातून जात नाही. आणि रागही येतो, तोही लपवत नाही. मागच्या खेपेला काकूंनी माझ्या कोटाचं अस्तर लावून दिलं. सुई ओवता ओवता म्हणाल्या, "तिकडे माझ्या लेकीला श्वास घ्यायला फुरसत नसते गं, म्हणून फोन नाही." तू त्यांना बाजारातून सामान आणून देतेस, दवाखान्यात नेतेस. मला वाटायचं, आमच्या ताईचा स्वभावच तसा.

त्या मुलीला कोणी शोधत नाही, कारण ती हरवली आहे हेच कोणाला माहीत नाही. खोलीत ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा आमचा नियम. तो नसता तर तूही बोलली नसतीस. म्हणजे संस्था काकूंना काही सांगणार नाही. आणि काकूंनी तक्रार दिल्याशिवाय पोलीस हलणार नाहीत. राहिलीस तू.

हे पत्र टाकलं की मीही नियम मोडला. संस्थेच्या साहेबांना मी तसं सांगणार आहे. त्या टेबलाशी ते मला पुन्हा बसू देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

तुला काही होणार नाही, असं खोटं सांगत नाही. आपणहून बोलणारीचं कोर्ट ऐकून घेतं, असं वकीलबाई म्हणतात. किती ऐकतं, ते त्याही सांगत नाहीत.

शनिवारी दुपारी पोचते. काकूंचं दार तू वाजवायचंस. मी शेजारी उभी असेन. पोलिसांकडे येईन, कोर्टातही येईन, तुला कुठे ठेवलं तर तिथेही दर वेळी येईन. पण तू नाही म्हणालीस, तर मी एकटी काकूंकडे जाईन. मग तू माझं तोंड पाहणार नाहीस, हे मी धरून चालले आहे.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझ्याच बाजूची,
धाकटी