हौद गल्लीचं पाणी आणि माझा माहिती अधिकार

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवण्यासाठी नाही. मोठ्या लढ्यात माणसानं स्वतःपुरती नोंद ठेवावी, एवढंच.
कारण: पाणी. दिवाळीपासून आमच्या हौद गल्लीत नळाला थेंब नाही. सिंधु शेजारच्या बिलकीसभाभीबरोबर शाळेच्या बोअरवरून घागरी आणते. तिचा उजवा खांदा आता वर होत नाही. आज वेणी घालताना कण्हली. मला बघवलं नाही. घागरी मीच आणल्या असत्या, पण कंबर.
म्हणून नगरपंचायतीला माहितीच्या अधिकारात धरायचं ठरवलं. रोज पहाटे पाचला उठणार, कायदा पाठ करणार, कुणाच्या बापाला भिणार नाही.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ८.४०
उठायला जरा उशीर. कायद्याचं पुस्तक उघडलं. प्रस्तावना उत्तम. बाकीचं उद्या.

६ मार्च, गुरुवार
नांदेडला जाऊन लेटरहेड आणि कार्डं छापून आणली. 'शिवलिंग अप्पा, माहिती अधिकार कार्यकर्ता'. प्रेसवाल्यानं विचारलं, संघटना कोणती? म्हटलं, मीच. परतीच्या बसमध्ये शेजारच्यानं स्वतःहून कार्ड मागून घेतलं. त्याला दात कोरायचे होते, पण वाचलं असणार.

१० मार्च, सोमवार
अर्ज दाखल. नऊ पानं. सुरुवात सिंधु संस्कृतीच्या पाणीपुरवठ्यापासून. (सिंधु विचारत होती, अर्जात माझं नाव कशाला घातलं.) मग निजामाच्या काळातला हौद, मग लोकशाही. मागणी शेवटच्या पानावर: स्थापनेपासूनची संपूर्ण माहिती.
खिडकीवरचा क्लार्क वैजनाथ पानं उलटून म्हणाला, "अप्पा, ह्यात विचारलंय काय?" म्हटलं, वाचा म्हणजे कळेल. त्याचे डोळे पांढरे झाले. भीती. सिंधुच्या मते झोप, जेवणानंतरची.

१७ मार्च, सोमवार
माझ्यावर पाळत आहे. एक मोटारसायकलवाला दारासमोर दोनदा थांबला. मी आतल्या खोलीतून, दार लावून, सगळं धैर्यानं पाहिलं. सिंधु म्हणते, तो बिलकीसभाभीकडं बायकोचं ब्लाऊज न्यायला आला होता, ते शिवून झालं नव्हतं. सोंग चांगलं आहे.
आता संध्याकाळी बाहेर पडायचं नाही. त्यामुळं बोअरवर जाणं माझ्याकडून होणार नाही. सिंधुला तसं सांगितलं. ती म्हणाली, आधी कवा गेलते?

२५ मार्च, मंगळवार
उत्तर आलं! अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा, नव्यानं करावा. म्हणजे घाम फुटलाय त्यांना.
मुलीला, ऋतुजाला फोन केला. ती विष्णुपुरीला इंजिनीअरिंग करते. म्हणाली, बाबा, नियमच हाय तसा. 'आमच्या गल्लीला पाणी कधी कधी सोडलं ती नोंद बघायची आहे' एवढंच लिहा. चार ओळी बास झाल्या. म्हटलं, बेटा, लढे चार ओळींत होत नसतात. ती म्हणाली, आईला फोन द्या.
मायलेकी बराच वेळ बोलत होत्या. घरगुतीच काहीतरी. मध्येच सिंधुनं पेन मागितलं.

९ एप्रिल, बुधवार
अपील लिहून राहिलो. पंधरा पानं झाली, अजून नगरपंचायत स्थापन व्हायची आहे. उन्हाचा त्रास. पहाटे उठणं पावसाळ्यापासून.

२१ एप्रिल, सोमवार
सिंधु आणि बिलकीसभाभी दिवसभर बाहेर होत्या. रात्री जेवताना सिंधु सांगायला लागली, नगरपंचायतीत असं असं झालं. म्हटलं, थांब, मी बाविसाव्या पानावर आहे. ती थांबली. भाजीत मीठ नव्हतं.

२४ एप्रिल, गुरुवार. सकाळी ११
कट! माझ्याच दारासमोरचा सिमेंट रस्ता फोडायला मशिन आलं. अपिलाची कुणकुण लागलेली दिसते. (अजून पाठवलं नाही, तरीही.) उद्देश उघड आहे: माझी वाट बंद करणे.
खुर्ची आणून मशिनपुढं बसलो. पाणी सोडणारा ज्ञानोबा हात जोडून म्हणत होता, "अप्पा, उठा की वं. खाली व्हॉल्व्ह हाय." म्हटलं, लेखी आदेश दाखवा. त्याच्याजवळ नव्हता. मशिन परत गेलं.
विजय. आयुष्यातला पहिलाच.

त्याच दिवशी. दुपारी ४
गल्लीतल्या सगळ्या बायका दारात. बिलकीसभाभीचा आवाज मी आजवर ऐकलाच नव्हता म्हणायचा. "अप्पा, महिनाभर चकरा मारल्या आम्ही! अन् तुम्ही मशिन वापस लावलं?"
मग सिंधुनं सांगितलं. ऋतुजानं सांगितलेला चार ओळींचा अर्ज तिनं स्वतःच्या सहीनं दिला होता. सोमवारी नोंद बघायला बोलावलं. रजिस्टरात हौद गल्लीला दिवसाआड पाणी, प्रत्येक ओळीला सही. बिलकीसभाभीनं तिथंच विचारलं, "तो ये पानी पिया कौन?" ज्ञानोबा मान खाली घालून म्हणाला, दिवाळीत रस्ता झाला, व्हॉल्व्ह सिमेंटाखाली गेला. वरून सांगितलं, तू लिहीत राहा. बायका साहेबांच्या केबिनपुढं बसून राहिल्या, तेव्हा कुठं रस्ता फोडायचं ठरलं.
मी विचारलं, मला का नाही सांगितलं?
"बाविसावं पान चालू होतं की तुमचं," सिंधु म्हणाली. हसून नाही म्हणाली. मग घागर डाव्या खांद्यावर घेऊन बोअरकडं गेली. मी तिच्या मागं जायला निघालो होतो. दारापर्यंत गेलो.

२८ एप्रिल, सोमवार
मशिन दुसऱ्या गावाला गेलंय. आज येतो, उद्या येतो चाललंय. मी बायकांना समजावलं की उशिरानं कामाचा दर्जा सुधारतो. एकीनंही उत्तर दिलं नाही. पटलं असावं.

२ मे, शुक्रवार
पाणी आलं.
परवा मशिन परत आलं, रस्ता फोडून व्हॉल्व्ह मोकळा केला. आज आधी नळ खोकला, मग लाल पाणी, मग स्वच्छ. सिंधु धारेखाली हात धरून उभी राहिली. मी म्हटलं, बघितलंस, दबाव कामाला आला. ती म्हणाली, बादली सरकवा. सरकवली.
दुपारी वार्ताहर मोहसीन आला. मी जाकीट घालून, मुद्दे काढून तयार होतो. त्यानं विचारलं, अर्ज कुणाचा? सगळ्या बायकांनी सिंधुकडं बोट दाखवलं. मी घसा साफ केला, पण तो तिच्याशीच बोलत बसला. ती चांगली बोलली. मला माहीत नव्हतं ती एवढं बोलते.
मग नळाभोवती फोटो. मी मधोमध जागा धरली. मोहसीन म्हणाला, "अप्पा, जरा इकडं या." गेलो. त्यानं मोबाईल माझ्या हातात दिला आणि माझ्या जागेवर जाऊन उभा राहिला.
दोन फोटो काढले. पहिल्यात माझं बोट आलं, दुसरा नीट आला. दुसराच छापणार आहेत.
फोटो काढणाऱ्याचं नाव खाली देतात का, विचारलं. देत नाहीत.