खाली पायी, वर लिफ्टने

जेनोवा, ७ फेब्रुवारी १९६५

चि. बाचिच्चा यास एर्सिलियाचे अनेक आशीर्वाद.

तुझं नाताळचं पत्र पोचलं, नेलिदाचा फोटोही पोचला. तुझी पोरगी तिच्या आईवर गेलीय, हे तिचं नशीब. आपल्या घराण्याचं नाक तिला आलं नाही.

आता मुद्द्याचं. महापालिकेची चिठ्ठी आली. स्तालिएनोच्या दफनभूमीत आई आहे ते मैदान मे महिन्यात उघडणार आहेत. दहा वर्षांची मुदत भरली. अस्थी काढून जस्ताच्या पेटीत ठेवतील आणि मग भिंतीतल्या कोनाड्यात तिला कायमची जागा मिळेल. मैदानापासून कोनाड्यापर्यंत पेटी घरच्या माणसाने न्यायची. मुदत आली की मला कळव, असं तू मला दहा वर्षं बजावतो आहेस, म्हणून कळवलं. ये असं मी म्हणत नाही. तुझ्या डॉक्टरने तुला जिना चढायची बंदी केलीय, आणि आपलं गाव म्हणजे एक जिनाच आहे. सपाट जागा देवाने इथे फक्त समुद्राला दिली.

तरी न राहवून मी रस्ता काढलाच. गेले काही दिवस गुडघ्यांना शिव्या घालत सगळा फिरून पाहिला. बोटीतून उतरलास की बंदरापासून पोर्तेल्लोपर्यंत बस. तिथल्या बोगद्यातून आत गेलं की टेकडीवर नेणारी महापालिकेची कास्तेल्लेत्तोची लिफ्ट. वर आल्यावर रस्ता सपाट आहे, बाकंही आहेत. आपल्या घरामागे वरच्या रस्त्याला जोडणारा तो लहान पूल आठवतो ना? त्यावरून इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर शिरायचं आणि आपल्या दारापर्यंत जिना उतरायचा. बाहेर जायचं तर गल्लीने खाली. परत यायचं तर पुन्हा लिफ्ट. खाली पायी, वर लिफ्टने, एवढं लक्षात ठेवलंस तर तुला या गावात एकही पायरी चढावी लागणार नाही. हा माझा शब्द.

एकच अडचण आहे. पुलाच्या फाटकाची किल्ली वरच्या मजल्यावरच्या ओल्चेझेबाईकडे असते. तिचे ओले कपडे आमच्या कपड्यांवर ठिबकले तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही ते तुझ्या प्रकृतीने ठरवावं.

तुझी,
एर्सिलिया

*

ब्युनोस आयर्स, २ मार्च १९६५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तिकीट काढलं. आता ओरडू नकोस. डॉक्टर ओरडून झाला, नेलिदा ओरडून, रडून आणि अबोला धरून झाली. ती म्हणते, मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसाने मरायला जायचं हे कुठलं शहाणपण. तिचं चुकत नाही. पण तिने आजीला पाहिलेलं नाही.

ताई, तुझी तार आली त्या दिवशी मी गोदीत एका बोटीच्या इंजिनात कमरेपर्यंत बुडालो होतो. वर येऊन वाचली, तोवर तुम्ही तिला मातीतही घातलं होतंत. मी लगेच बोटीत बसलो असतो तरी पोचेपर्यंत फुलंसुद्धा वाळली असती. तिची शवपेटी कुणी उचलली ते तू लिहिलं होतंस. शेजारचा बेकरीवाला, त्याचा भाऊ आणि दोन भाडोत्री माणसं. एकुलता एक मुलगा असताना बेकरीवाला! ते वाक्य मी विसरलो नाही. तेव्हा ही पेटी मी उचलणार. अस्थींचं ओझं ते किती असणार? डॉक्टरने जिना बंद केलाय, आईला उचलणं नाही.

तुझ्या रस्त्याचं मी चित्र काढून ठेवलंय. नेलिदाने पाहिलं आणि विचारलं की हे गाव आहे का कारखाना. मी सांगितलं, हे तुझ्या आत्याचं डोकं आहे.

ओल्चेझेबाईशी गोड बोल. तुला जमणार नाही, पण प्रयत्न कर. आणि सकाळी कॉफीत बुडवायला गरम फोकाच्चा पाव पाहिजे. त्या बेकरीवाल्याकडचा चालेल, त्याच्यावर राग नाही.

लोभ कसाही असो, पण मी येईपर्यंत पेटीला कुणाचा हात लागू देऊ नको.

तुझा,
बाचिच्चा

*

जेनोवा, २८ मार्च १९६५

चि. बाचिच्चा यास अनेक आशीर्वाद.

किल्ली मिळाली. पालेभाजी भरलेली खारी पोळी भाजून वर गेले, दार वाजवलं आणि एका दमात सांगितलं की माझा भाऊ येतोय, त्याचं काळीज कमजोर आहे. ओल्चेझेबाईने मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, एवढ्या वर्षांनी आलीस तीही भावासाठीच. पोळी ठेवून घेतली, किल्ली दिली, आणि वर पोळीत मीठ कमी आहे हेही सांगितलं. मी ऐकून घेतलं. तुझ्यासाठी बघ मला काय काय गिळावं लागतं.

कोनाडाही पाहून आले. खालून दुसऱ्या ओळीतला मिळालाय, छातीच्या उंचीवर. तुला पेटी हातातून थेट आत सरकवता येईल. वरच्या ओळींना चाकाची लोखंडी शिडी लागते, ती तुझ्या कामाची नाही. मैदानही सपाट आहे. पोर्तेल्लोहून बस, पुढे बिझान्यो नदीच्या काठाने ट्राम, आणि फाटकाशी उतरायचं.

तू येतोस याचा मला आनंद झालाय. भीतीही तितकीच वाटते. दोन्ही लिहून टाकते, समोर आलास की मी फक्त ओरडेन.

बोटीवर गळ्याभोवती मफलर असू दे.

तुझी,
एर्सिलिया

*

बोटीवरून, ११ जून १९६५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

स्तालिएनोहून परतल्यावर मी निघेपर्यंत आपण दोघे मीठ, हवा आणि ओल्चेझेबाई एवढंच बोललो. म्हणून आता लिहितो. तोंडावर जमलं नसतं.

शवपेटीचं झाकण उचलण्याआधी मुकादमाने मला तोंड फिरवायला सांगितलं होतं. मी नाही फिरवलं. आणि मला अस्थी दिसल्या नाहीत ताई, आई दिसली. कशी दिसली ते तूही पाहिलंस, त्यावर लिहीत नाही. पण तो गाऊन! मी पाठवलेला तो निळा नायलॉनचा गाऊन जसाच्या तसा होता. दुकानात मी खिडकीशी नेऊन रंग पारखला होता, पक्का आहे ना म्हणून विक्रेत्या मुलीचा जीव खाल्ला होता. तिने सांगितलं होतं की तो जन्मभर टिकेल. खोटं नव्हतं बोलली बिचारी.

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने सरळ सांगितलं की नायलॉनमधून ना पाणी जातं ना माती, आणि हल्ली असं पुष्कळ होतं. आता पुन्हा पाच वर्षं मातीत. मग त्यांनी तो गाऊन कात्रीने जागोजाग कापला आणि तिला परत खाली सोडलं. कात्रीचा आवाज माझ्या कानातून जात नाही. मी माझ्या आईला उचलायला आलो होतो, आणि माझ्याच भेटीने तिला धरून ठेवलं.

एक गोष्ट मात्र बोटीवर रोज मनात येते. त्या दिवशी मी मूठभर माती टाकली. दहा वर्षांपूर्वी जे दफन माझं चुकलं होतं ते मला मिळालं. इतकं भयंकर देणं कुणाला मिळू नये, पण मला मिळालं.

पाच वर्षांनी मी नसेन. रागावू नकोस, हिशेब तुलाही येतो. तेव्हा पेटी तू उचल. बेकरीवाला नको.

तुझा शब्द मात्र खरा झाला. इतके दिवस जेनोवात राहिलो आणि एकही पायरी चढलो नाही. शेवटच्या दिवशी लिफ्टमध्ये तू माझा दंड धरलास तो वर पोचलो तरी सोडला नाहीस. मला कळलं होतं.

लोभ सोडू नये, दंड सोडला तरी.

तुझा,
बाचिच्चा

*

जेनोवा, ९ जुलै १९६५

चि. बाचिच्चा यास अनेक आशीर्वाद.

तुझी भेट, तुझी भेट असं काय लिहितोस? तिच्या अंगात तो गाऊन मी घातला.

आईने तो कधी वापरला नाही, हे तुला सांगितलं नव्हतं. कपाटात पातळ कागदात गुंडाळून ठेवायची. कुणी आलं की काढून दाखवायची, हात पुसल्याशिवाय हात लावू द्यायची नाही, आणि पुन्हा घडी करायची. मी म्हणायची, अगं घाल की, थंडी आहे. ती म्हणायची, चांगल्या दिवशी घालीन. तो दिवस आला नाही. ती गेली तेव्हा तिचा काळा लोकरीचा झगा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. मी तो बाजूला केला आणि गाऊन काढला. तू पोचणार नव्हतास. मला वाटलं, तुझ्या हातचं काहीतरी तिच्याबरोबर जाऊ दे, मुलगा जवळ आहे असं तिला वाटू दे.

ती लोकर केव्हाच माती झाली असती. माझ्या मायेने तिला अडकवलं आणि तुला रिकाम्या हाताने परत पाठवलं. रोज सकाळी उठते ती हे घेऊनच. कुणाकडे रडणार? ओल्चेझेबाईकडे गेले. तिने कॉफी दिली आणि म्हणाली, आईला ऊब मिळाली ना, झालं तर मग. त्या बाईच्या तोंडून इतकं बरं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

पेटी मी उचलणार नाही. तू उचलशील. तोवर जिवंत राहा, एवढं माझं ऐक.

तुझी,
एर्सिलिया

*

ब्युनोस आयर्स, १९ ऑगस्ट १९६८

ती. एर्सिलियाआत्यास नेलिदाचा शि. सा. न. वि. वि.

तार तुम्हाला मिळाली असेल. बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यांच्या त्या माते चहाची वाटी हातात होती, मी पाणी गरम करायला आत गेले होते. परत आले तर वाटी सांडली नव्हती.

तुम्हाला राग येईल, पण सांगायला हवं. आम्ही त्यांचं दहन केलं. जेनोवाहून आल्यापासून त्यांचं तेच चालू होतं. मला मातीत घालू नका, माझ्यासाठी कुणी पाच-पाच वर्षं वाट बघायला नको. अंगात सुती सदराच घाल, हे तर त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी चिडायचे. मग तुमच्या दोघांची ती गोष्ट त्यांनी मला एकदा सगळी सांगितली. त्यानंतर मी चिडले नाही.

राख एका लहान डब्यात आहे, कपाटावर. आजी मातीतून निघाल्याशिवाय मला न्यायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. तिच्याच कोनाड्यात जागा द्या म्हणाले, आपल्याला फार जागा लागणार नाही. आजी निघाली की कळवा. मी येईन. आत्या, मी तेव्हा त्यांना अडवत होते. बरं झालं त्यांनी माझं ऐकलं नाही.

तुमची माया माझ्यावरही असू द्या. आता इथे माझं मोठं माणूस कुणी उरलं नाही.

तुमची,
नेलिदा

*

जेनोवा, १५ नोव्हेंबर १९७०

चि. नेलिदा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी आजी निघाली. ऑक्टोबरच्या पुराने बिझान्यो नदी गावात शिरली, त्यात सगळी कामं मागे पडली, म्हणून उशीर. या वेळी अस्थी स्वच्छ निघाल्या. मुकादम तोच होता. त्याने मला ओळखलं आणि टोपी काढली. निळ्या कापडाच्या काही चिंध्या होत्या, त्या त्याने न विचारता बाजूला केल्या.

पेटी मी उचलली. बाचिच्चाला म्हटलं होतं की उचलणार नाही, पण उचलली. फार हलकी होती गं. रडू मला तिच्या हलकेपणाचं आलं.

दहनाचा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? आमच्यात कुणी केलं नव्हतं. पाद्रीबाबांना विचारलं, ते म्हणाले की आता चालतं. मग मीही चालवून घेतलं. डबा तिच्याच कोनाड्यात मावतो, तू कळवलेलं माप लावून पाहिलंय. दगड अजून बसवलेला नाही, तू येईपर्यंत थांबायला सांगितलंय.

आता रस्ता नीट वाच. बोटीतून उतरलीस की बंदरापासून पोर्तेल्लोची बस. तिथून बोगद्यातून आत लिफ्ट. वर आलीस की सपाट रस्त्याने आमचा पूल. फाटकाची किल्ली माझ्याकडेच आहे, ओल्चेझेबाईने ती परत मागितलीच नाही. स्तालिएनोची ट्राम बंद झाली, आता सगळी वाट बसनेच. तू तरुण आहेस, एरवी गल्लीतल्या पायऱ्यांनी खुशाल चढउतार कर, पाय मोकळे होतील. पण बाबा हातात असतील तेव्हा वर येताना लिफ्टच धरायची. रांग असली तरी थांबायचं. मी त्याला शब्द दिलाय.

एका बाबतीत मी हरले. दुसऱ्या ओळीतला तो कोनाडा रिकामा ठेवायला ते तयार झाले नाहीत, केव्हाच दुसऱ्या कुणाला दिला. आता मिळालाय तो अगदी वरच्या ओळीत, चाकाच्या शिडीने जावं लागतं. आईला मीच वर ठेवलं. रखवालदार नको नको म्हणत होता, माझं वय काढत होता. मी त्याला म्हटलं, वय माझं आहे, तू शिडी धर.

बाचिच्चालाही मीच नेणार. माझ्या हातात असला म्हणजे त्याला एकही पायरी चढावी लागणार नाही. तू फक्त खालून शिडी घट्ट धर.

येताना मफलर आण, इथे वारा फार आहे. वाट बघते.

तुझी,
आत्या