खालच्या थाळीतले दाणे

१२ जानेवारी

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसते आणि कंटाळून उठते. फोनवर माझं बोलणं तुला कळत नाही आणि तू नुसता 'काय, काय' करत राहतोस, त्यापेक्षा हा जुना मार्ग बरा.

जबड्यातली गाठ साधी निघाली, तेवढं सुटले. पण डावीकडे लिंबाएवढी पोकळी राहिली आहे. भोवतीचं हाड अंड्याच्या टरफलासारखं पातळ. जोर लागला तर मोडेल, असं सर्जन म्हणतात. म्हणून दात रबरांनी जखडलेत आणि तोंड बोटभरच उघडतं. तुझे भाऊजी सगळं मिक्सरमधून काढून देतात. काल त्यांनी केकसुद्धा दुधात फिरवला. चव विचारू नकोस.

खरे हाल वर्गात होतात. माझ्या मुलांना ऐकू येत नाही, ती माझ्या ओठांवरून शब्द वाचतात. ओठ हलतच नाहीत तर वाचणार काय? परवा सगळ्यांत लहान मुलगी बाकावरून उठून आली आणि अडकलेला खण ओढावा तशी माझी हनुवटी खाली ओढायला लागली.

पोकळीत कृत्रिम हाडाचे दाणे भरायचे आहेत. कमरेचं हाड काढून घालतात म्हणे, पण स्कूटरच्या त्या अपघातापासून माझी कंबर आधीच अधू, म्हणून सर्जन नको म्हणाले. वीस मार्च ही तारीख मिळाली आहे. दाणे तुमच्याच कारखान्याचे. ते काय असतात, मला कळेल असं लिही. तू तिथे लागून बारा वर्षं झाली, मी कधी विचारलंच नाही.

माया आहेच, पत्र मात्र लवकर टाक.
तुझी ताई

२५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भट्टीवरचा जोडीदार सोडून गेल्यापासून दोन्ही पाळ्या माझ्याच अंगावर आहेत. हे पत्र डब्याच्या सुट्टीत लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

आमचे दाणे जाड्या मिठासारखे दिसतात. हाडात जो चुना असतो, जवळपास त्याचीच ही पांढरी माती. ती भट्टीत भाजली की दाण्यांना बारीक भोकं राहतात. सर्जन ते तुझ्याच रक्तात कालवून पोकळीत भरतील. भोकांतून रक्त शिरतं, त्याच्या आधाराने तुझं स्वतःचं हाड वाढतं, आणि दाणे हळूहळू विरघळून जागा सोडतात. पाहुण्याने घर बांधून द्यावं आणि निघून जावं, तसं.

तुमच्या हॉस्पिटलची मागणी मी पाहिली. ते दाणे माझ्याच भट्टीत भाजले जाणार. लहानपणी झोपाळ्यावरून ढकलून माझे दोन दात पाडलेस, आता तुझा जबडा माझ्या हातात आहे. जरा नीट वाग.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर लोभ आहे तसाच ठेव.
तुझा गुंड्या

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहितो. वीस तारखेला तुझं ऑपरेशन होणार नाही. त्याला कारण मी आहे.

मागच्या आठवड्यात भट्टी उतरवली. उष्णतेचा काटा बरोबर आकडा दाखवत होता. पण खालच्या थाळीतले दाणे हाताला हलके लागले. एक नखात धरून दाबला, त्याचं पीठ झालं. भट्टीची तळाची तापणारी तार गेली होती, खालचे दाणे कच्चे राहिले होते. मला ते कळलं होतं, ताई. पण सोळा तास उभा होतो, डोकं चालत नव्हतं. ती थाळी मी इतरांबरोबर पिंपात ओतली. तपासणी विभागाने नमुना वरच्या थाळीतून घेतला होता, तो पास झाला. डब्या भरल्या, हॉस्पिटलची चिठ्ठी लागली.

दोन दिवस गप्प बसलो. त्यात तुझे दाणे होते आणि तुझी तारीख जवळ आली होती. पण कच्चा दाणा हाड यायच्या आधीच विरघळतो आणि पोकळी होती तशीच राहते. तिसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, खालची थाळी तेवढी वेगळी काढता येणार नाही का. म्हटलं, आता सगळं मिसळलंय. सगळा माल मोडीत काढला. भट्टी दुरुस्त होऊन, नवा माल तपासून निघेपर्यंत तुमच्या सर्जनांच्या तारखा भरल्या असतील. त्यांच्या कचेरीतून जुलै म्हणाले.

बाकी काही लिहवत नाही. रागावलीस तरी पत्र पाठव.
गुंड्या

१९ मार्च

चि. गुंड्यास,
आ.

तू दोन दिवस गप्प बसलास, त्याचा मला राग आला नाही. तिसऱ्या दिवशी बोललास, त्याचा आला. लिहिताना लाज वाटते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? वाटलं, लागले असते तर लागले असते कच्चे दाणे. निदान या रबरांतून सुटले असते.

मग पत्र पुन्हा वाचलं. तुझ्या जागी मी असते तर बोलले असते की नाही, सांगता येत नाही.

मुख्याध्यापिकांनी माझा वर्ग काढून घेतला. आता मी ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालते. तुझे भाऊजी म्हणतात, चारच महिने. ते रोज म्हणतात.

आज एवढंच. आणखी लिहायचं त्राण नाही.
ताई

२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नवा माल काल निघाला. प्रत्येक थाळीतून नमुना घ्यायचा, असा आता नियम केला आहे. भट्टीवर दुसरा माणूसही दिला. तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो, बाकीचेही. मोडीत गेलेल्या त्या मालासाठी महिनाभर सगळेच राबले होते, त्यांचं चुकत नाही.

तुझ्या डब्या मी माझ्या हाताने भरल्या नाहीत. दुसऱ्याला भरायला सांगितल्या.

आशीर्वाद असू दे, रागासकट चालेल.
गुंड्या

२० जानेवारी

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

जुलैत ऑपरेशन झालं तेव्हा भाऊजींनी दोन ओळी टाकल्या होत्या. काय झालं ते कळल्याशिवाय मी लिहायचं नाही ठरवलं होतं, म्हणून सहा महिने हात आवरला. काल जबड्याचा एक्स-रे काढला. जिथे काळं भोक होतं तिथे आता करडं, दाट काहीतरी आहे. सर्जन म्हणाले, हे तुमचं स्वतःचं हाड. मी मान हलवली. खूप आनंद व्हायला हवा होता, पण आधी दमल्यासारखंच झालं. बराच वेळ तिथल्या खुर्चीतून उठले नाही.

रबरं निघाली. डावा ओठ बधिर आहे तो बधिरच राहणार, दूध हनुवटीवर ओघळतं. वर्ग परत मिळाला. मुलांना माझं तोंड नव्याने शिकावं लागतंय. मी एक म्हणते, ती भलतंच वाचतात आणि पोट धरून हसतात. हनुवटी ओढणारी ती लहान मुलगी मात्र गेली. वर्ष फुकट जातंय म्हणून आईबापांनी तिला दुसऱ्या शाळेत घातलं. हे तुझ्यापासून लपवत नाही.

तपासणीच्या बाकावर शेजारी एक सुतार बसले होते. फळी उडून त्यांचा जबडा फुटला होता. त्यांचंही ऑपरेशन मार्चमधलं जुलैत गेलं. चार महिने हातात रंधा धरता आला नाही, आणि कारखान्यातल्या कुणा शहाण्याने सगळा माल अडवला, असं ते सांगत होते. गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "तो माझा धाकटा भाऊ."

त्यांनी माझ्या हनुवटीकडे बघितलं. त्या मालात तुमचेही दाणे होते, हे त्याला माहीत होतं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांचा नंबर पुकारला, ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"झोप लागते ना त्यांना?"

मी लागते म्हणून सांगितलं. खोटं ठरत असेल तर रजा टाक आणि निघून ये. मागची खोली रिकामी आहे. कुणी उठवणार नाही.

वाट पाहते.
तुझी ताई