जेवणानंतर दोन गोळ्या

२० सप्टें.
काल नदी खालच्या आळीत शिरली, आज ओसरली. ओसरली म्हणजे चिखल ठेवून गेली. आमच्या घरात गुडघ्याएवढा, शेजारी धाकट्या जावेच्या, रेखाच्या घरातही तेवढाच. आळी सगळी शाळेत. वर्गांत माणसं, पटांगणात गुरं, आणि हापसाही त्याच पटांगणात. पाण्याला जायचं तर शेणामुतातून. उंदरांचीही बिळं बुडाली, ते आमच्याबरोबर राहायला आलेत. एक चौथीच्या फळ्यावर चढून बसलेला. रेखा म्हणाली, "ह्याची हजेरी मांडा, सकाळधरनं हाय." अशातही हसवते बया.

२१ सप्टें.
पी.एच.सी.त आम्हा सगळ्या आशांची मीटिंग. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आता लेप्टोचा ताप येणार. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात, पाण्यातून पायाच्या भेगांमधून आपल्या रक्तात. अनवाणी फिरू देऊ नका. होऊ नये म्हणून मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा दोन गोळ्या. रिकाम्या पोटी नको, उलट्या होतात. जेवणानंतर. मी वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.
लक्षणांचा कागद शाळेच्या भिंतीला चिकटवला. परत आले तर सासूबाई शुद्धीसाठी दारात गोमूत्र शिंपडतायत. त्यांनाच पहिलं शिकवायला गेले. "गाईच्या मुतानं रोग? सरकारनं तुला येडं केलंय का गं?" सगळी आळी हसली. हसा.

२२ सप्टें. पहिली माळ
घट बसले. तिसरीच्या वर्गात. माती वरच्या आळीतून आणावी लागली, आमची सगळी वाहून गेली.
रेखाने चपला काढून ठेवल्या. गेल्या वर्षी पिंकीला डेंग्यू झाला, पेशी उतरतच होत्या, मी नुसती सलाईनकडे बघत बसले होते. तेव्हा हिने देवीला बोलून टाकलं, पोरगी उठू दे, पुढल्या नवरात्रात अनवाणी राहीन, उपास धरीन, गडावर चालत येईन. लेक माझी, नवस हिचा. म्हटलं, यंदा चप्पल घाल बाई, देवीला दिसतंय की काय परिस्थिती आहे. "न्हाई ताई. बोलले हाय मी. बोललेलं फिरवायचं नस्तं."
यंदा माळा दहा. म्हणे देवीनं एक दिवस वाढवून घेतला.

२३ सप्टें. दुसरी माळ
दिवसभर गोळ्या वाटल्या. प्रत्येकाला पुडी, रजिस्टरात सही नाहीतर अंगठा. घसा बसला. रेखा पटांगणात धार काढत होती, घोट्याएवढ्या राड्यात, अनवाणी. पुडी दिली, जेवणानंतर घे म्हटलं. "आन् मला तर उपास हाय." मग जेवशील तेव्हा घे, डोकं नको खाऊ, अजून वीस घरं राहिलीत. हसली. तिच्या नावापुढे 'गोळी घेतली'च्या रकान्यात 'हो' लिहिलं.

२६ सप्टें. पाचवी माळ
पुन्हा पाऊस. घरातला चिखल घमेल्याने काढतोय, संपतच नाही. मेलेले उंदीर निघाले, मोजायचं सोडून दिलं. रेखाच्या टाचांच्या भेगांत चिखल बसलाय, तूप लावते. पिंकी तिच्या मागेमागे. मी ओरडले तेव्हा पिंकीने तेवढी चप्पल घातली.

२८ सप्टें. सातवी माळ
रेखा गडावर जाऊन आली. चालत गेली, चालत आली. पिंकीसाठी कुंकू आणलंय.

२९ सप्टें. आठवी माळ
रेखाला ताप. पोटऱ्या ठणकतात, हात लावू देत नाही. गडाची चढण आहे, ठणकणारच. डोळे लाल. शाळेत निम्म्या पोरांचे डोळे आलेत, तिचेही आले असतील. तापाची गोळी दिली, डोळ्यांत थेंब टाकले. पिंकीने पोटऱ्यांना तेल लावलं.

३० सप्टें. नववी माळ
ताप तसाच. उलट्या. उपासाचं पित्त. म्हटलं सोड आता उपास. मानेनेच नाही म्हणाली. संतोष, माझा दीर, म्हणतो, "वहिनी, दोनच दिस राह्यलेत, निभल." मीही म्हटलं, निभेल. दवाखान्यात काम करते मी, आणि मी म्हटलं निभेल.

१ ऑक्टो. दहावी माळ
सकाळी कळलं, कालपासून लघवी झालेली नाही. डोळे पाहिले. लाल नाहीत आता, पिवळे. भिंतीवर मीच चिकटवलेला कागद तिच्या उशाशीच होता. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल. तीन दिवस त्या कागदाखाली बसून मी तिला पित्ताचं सांगत होते.
अँब्युलन्सने तालुक्याला, तिथून लगेच नगरला. संतोष आणि आमचे हे बरोबर गेले. गाडीतल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी गोळ्या घेतल्या होत्या? मी ठणकावून सांगितलं, घेतल्या, रजिस्टरात आहे.

२ ऑक्टो. दसरा
घट हलवायला बसले. देवीच्या टाकाशेजारी मी रेखाला दिलेली पुडी. दोन्ही गोळ्या आत.
सासूबाई म्हणाल्या, "व्हय, तिनंच ठिवलीय. दसऱ्याला जेवल्याव घेते म्हनली. तूच सांगितलं हुतं म्हनं."
२३ तारखेचं पान काढलं. माझंच अक्षर. डोकं नको खाऊ.
रोज दोन वेळा भगर आणि शेंगदाण्याची आमटी खात होती ती. पोट भरलेलं होतं की. पण फराळाला जेवण कोण म्हणतं? मी तरी म्हणते का? आयुष्यात कधी म्हटलं नाही. आणि ते माझ्या ध्यानात येऊ नये?
तशीच उठून उपासवाल्या सगळ्यांकडे गेले. सात जणी. सातही पुड्या जपून ठेवलेल्या, कोणाची डब्यात, कोणाची पदराच्या गाठीत. "आज पुरनपोळी खाल्ली की घेतोच की, कशाला कावती?" किती शहाण्या, किती आज्ञाधारक बायका. ज्यांनी माझं ऐकलं नाही, त्यांनी उपाशीपोटीच गिळल्या, त्या ठणठणीत. समोर उभी राहून पाच जणींना गिळायला लावल्या. दोघींना ताप आलाय, पोटऱ्या दुखतात. त्यांना गाडीत घातलं.
सोनं द्यायला कोणी आलं नाही. बरं झालं.

४ ऑक्टो.
डॉक्टर मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, उपासाचं माझ्याही लक्षात आलं नाही. त्याने मला काही बरं वाटलं नाही.
दुपारी संतोषचा फोन. किडन्या थांबल्यात, मशीनवर घेतलंय, फुप्फुसातही रक्त. "वहिनी, डाक्टर इथं हुबे हायेत. पुरानंतर गोळी खाल्ली हुती का न्हाई, नक्की सांगा. तुमच्या वहीत काय हाय?"
वहीत 'हो' आहे, सही आहे. म्हटलं, नाही खाल्ली. मीच तिला जेवल्यावर घे म्हणाले होते.
फोन चालू होता. मग कट झाला.

५ ऑक्टो.
संतोष माझा फोन उचलत नाही. ह्यांना विचारलं तर "तसंच हाय", एवढंच. रात्री तिला मध्येच शुद्ध आली होती. पारणं कोण सोडणार, एवढं विचारलं म्हणे.
तापातल्या दोघी तालुक्यालाच आहेत, एकीची लघवी कमी झालीय. रजिस्टरात त्यांच्याही नावापुढे 'हो'. सगळे 'हो' बसून खोडले. खोडून काय होतंय.

६ ऑक्टो.
पाऊस परत. घर राहण्यासारखं झालेलं नाही, शाळेतच आहोत. ह्यांचा फोन नाही.
सकाळी पिंकी कळशी घेऊन निघाली. पाय उघडे. चप्पल कुठाय म्हटलं तर म्हणाली, "काकी घरी येस्तोवर न्हाई घालायची. बोलले मी देवीला."
मुस्काटात मारली. पहिल्यांदाच. सासूबाई मध्ये पडल्या, "पोरीचं बोललेलं मोडू नको. तिकडं रेखाचं काय बरंवाईट झालं तर तुझ्याव यील." माझ्यावर अजून काय यायचं राहिलंय, ते तरी कळू दे.
दुसऱ्या आठवड्याच्या गोळ्या उशिरा आल्या, त्या आज वाटायच्या. आता मी सगळ्यांना 'काहीतरी खाऊन' म्हणते, जेवण हा शब्द तोंडातून काढत नाही. चौदा वर्षांच्या पिंकीच्या हातावरही दोन ठेवल्या. तिने मूठ मिटली. "आई, आज उपास हाय माझा. जेवल्यावर घेते."
बसवलं. केळं खायला लावलं. गोळ्या जिभेवर ठेवून पाणी पाजलं, तोंड उघडायला लावून आत बघितलं. गिळल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण गिळल्या.
चपला नाही घातल्या. कळशी घेऊन राड्यात उतरली. तिच्या चपला हातात घेऊन मी मागे हापशापर्यंत गेले, आणि तशीच परत आले.