दयाळाची शीळ

ठाणे, माघ शु. ५, शके १८०५

ती. सौ. गोदूताईस त्रिंबकचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मला नोकरी लागली! कारकुनी नव्हे, शीळ घालण्याची. हसू नकोस. इथल्या एका साहेबाला पाखरांचा भारी नाद आहे. माझ्या शिळेला दयाळ पक्षी उत्तर देतो हे पाहून त्याने मला तिथल्या तिथे ठेवून घेतले. ज्या शिळेपायी वडिलांच्या छड्या खाल्ल्या, तिचाच आता पगार मिळणार. आईला जरूर सांग. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझा त्रिंबक

कल्याण, माघ शु. १२

चि. त्रिंबकास अ. उ. आ.

रानात भटकायचे आणि वर पगार! तुझे भावजी म्हणतात, आम्ही उगाच कचेरीत मान मोडतो. आईला आमच्याकडे आणल्यापासून तिची दृष्टी पार गेली आहे. कशात म्हणून मन रमत नाही. तुझ्या शिळेची आठवण तेवढी सारखी काढते; ती ऐकली की डोळ्यांपुढे झाडे दिसतात म्हणते. पाडव्याला ये आणि तिच्या उशाशी बसून मनसोक्त घाल. जिवाला जप.

गोदूताई

ठाणे, फाल्गुन व. ३

ती. ताईस शि. सा. न.

पाडव्याला येतो, पण शिळेचे आईपाशी कबूल करू नकोस. साहेबाचा नाद निराळाच निघाला. मी शीळ घालतो. आपल्या जागेत दुसरा कोण आला म्हणून नर तावातावाने पुढच्या फांदीवर येतो. साहेब बार काढतो. मग कापूस भरून पाखरू विलायतेला. शहाडला नदीकाठी आता एकही दयाळ बोलत नाही. नोकरी सोडावी म्हणतो, पण मला दुसरे येते काय? एकटा असताना चुकून ओठांवर शीळ आली, तर मीच दचकतो. फार वाईट वाटते ग. हे तुझ्यापाशीच ठेव. माया असू दे.

त्रिंबक

कल्याण, चैत्र शु. ९, शके १८०६

चि. त्रिंबकास अ. आ.

पाडव्याला आईच्या हट्टापुढे तू शीळ घातलीस, तेव्हा तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला! तोच परसातल्या शेवग्यावरून खऱ्या दयाळाने उत्तर दिले आणि तू ओरडत, टाळ्या पिटत, दगड मारत धावलास. त्याला हाकलून लावलेस आणि न जेवताच स्टेशनावर गेलास. आईने विचारले, पाखरू आले तर माझ्या लेकाला भय कसले? रागावू नकोस, मला खोटे बोलता आले नाही.

आज सकाळी तो दयाळ पुन्हा येऊन गाऊ लागला. मी हौसेने आईला उठवून बसवले. तिने दोन्ही कान घट्ट झाकून घेतले आणि म्हणाली, गोदू, आता बार होईल ग.

तुझ्यावरची माया आहे तशीच आहे. पण इतक्यात येऊ नकोस.

गोदूताई