चिपाडावरचा बर्फ

४ एप्रिल, मंगळवार
सकाळी ट्रान्झिस्टरवर बातमी. कुलूकडे यंदा फार बर्फ पडला, अजून पडतोच आहे, रस्ते बंद. आम्हाला मे महिन्यात तिथली खिंड ओलांडायची आहे. दुपारी कदम आले. बँकेत असतात, हिमालयात जाऊन आलेले, म्हणून आमच्या चढाईच्या मंडळींचे म्होरके. बर्फाचं विचारलं. "बाई, मे उजाडेपर्यंत वितळतोय की!" फार पटकन म्हणाले.
चहा घेऊन बाहेर आले तर हे आणि कदम डोकी जोडून कुजबुजत होते. मग ह्यांनी आंब्यांचा विषय काढला. ह्यांना आंबा सोसत नाही.

९ एप्रिल, रविवार
पन्हाळा. सरावाला प्रत्येकाने सॅकमध्ये गुळाची ढेप घेऊन चढायचं ठरलं होतं. माझी सॅक कदमांनी बांधून तयार ठेवलेली. चढताना दम लागेना, तेव्हाच शंका आली. वाटेत उघडून पाहिली. ढेप नाही. गुळाच्या दोन लहान भेल्या आणि एक उशी.
उशी आमच्या घरची. अभ्रा मी शिवलेला.
ह्यांना काही विचारलं नाही. बघू किती दिवस तोंड दाबून बसतात.

१६ एप्रिल, रविवार
कळंब्याच्या पुढे कदमांच्या मेहुण्याचं गुऱ्हाळ. हंगाम संपलाय, पण उसाच्या चिपाडांचा डोंगर तसाच पडून. त्यावर बर्फाचा सराव. कदमांचं म्हणणं, दोन्हींत पाय सारखाच आत जातो. टाच रोवायची, घसरलं तर काठी खुपसून थांबायचं. सगळे पुरुष आळीपाळीने घसरले. माझी पाळी आली तर म्हणे, "बाई, तुम्ही सावलीत बसा, ऊन लई हाय."
ऊन काय माझ्या एकटीवर होतं? चढले, घसरले, काठी रोवून थांबले. पुन्हा चढले.
मेहुणा खालून ओरडला, "बाई, बर्फ बी असाच टोचतुया व्हय?"
अंगभर उसाची बारीक कुसळं. अजून खाजतंय.
सराव सगळ्यांना, मला नाही. का?

२० एप्रिल, गुरुवार
कळलं. मंडईत सौ. कदम भेटल्या. भर बाजारात माझा हात धरून: "बाई, तुमच्यामुळं जीव भांड्यात पडला बघा. तुम्ही खाली तंबूत ऱ्हाणार, आमचं मालक तुमच्या सोबतीला थांबणार. न्हायतर असल्या बर्फात मी सोडली असती व्हय त्यास्नी?"
मी म्हटलं, "असं का?" कोथिंबीर न घेताच परतले.
घरी ह्यांना उभं केलं. ह्यांनी वकिली सोडली, सवय सुटली नाही. आधी "कुठली उशी?" मग "तुझ्या वयाला..." शेवटी कबूल. कदमांनी ह्यांनाही तेच सांगितलंय: बाई खालीच राहतील, मी जवळ थांबेन. त्या शब्दावर ह्यांनी, स्वतः घरी राहून, मला पाठवायला होकार दिला.
मला मात्र कुणी विचारलं नाही. खिंड बघायला नाही, ओलांडायला चालले आहे. कॉलेजात असताना सहलीला वडिलांनी पाठवलं नाही, मग संसार, मग शाळेतली नोकरी. तंबूत बसून भात शिजवायचा, तर तो घरीही शिजतो.

२३ एप्रिल, रविवार
कदमांना सरळ विचारलं. हसले. "तसं सांगितल्याबिगर तुमची न् माझी घरातनं सुटका हाय का, बाई? वर गेल्यावर कोण बघतंय?"
"मग मला का नाही सांगितलं?"
"तुम्हाला खोटं बोलता येत न्हाय की."
"आणि उशी?"
"ती वकीलसाहेबांनी घातली. मी नुसती बांधली."
पटण्यासारखं आहे. तेच खटकतं. बायकोला एक, ह्यांना तेच, मला दुसरं. तिघांत खरं कुणाला सांगितलं? शिवाय बर्फ वितळेल असं आता म्हणत नाहीत. म्हणतात, "वर जाऊन बघून ठरवू." कोण ठरवणार?

३० एप्रिल, रविवार
पुन्हा चिपाडं. कदमांनी या वेळी मला सर्वांत आधी चढवलं. "शाब्बास बाई!" जरा जास्तच मोठ्यानं.
घरी ह्यांनी आणखी एक स्वेटर पुढे केला. बसून राहणाऱ्याला थंडी जास्त वाजते, असं म्हणता म्हणता थांबले.

७ मे, रविवार. गाडीत
स्टेशनवर सौ. कदम आणि हे शेजारी शेजारी उभे, दोघेही निर्धास्त. हे कदमांना म्हणाले, "शब्द दिलाय हं." कदमांनी मान हलवली. माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. तसेच ह्यांच्याकडे पाहूनही मिचकावले असतील, मी त्या वेळी हमालाशी बोलत होते.
मिरज सुटल्यावर कदम ओझ्यांची वाटणी करायला बसले. मला चहा-साखरेचे डबे. खिंडीच्या बर्फात सगळ्यांनी कमरेला बांधायचा शंभर हातांचा दोर स्वतःच्या सॅकमध्ये घालत होते.
म्हटलं, "दोर माझ्याकडे द्या."
"जड हाय, बाई."
"म्हणूनच."
बाकीचे बघत होते. दिला. देताना हात आखडला, की मला तसं वाटलं?
सॅकच्या तळाशी घातलाय, वर माझे कपडे. आता खिंडीवर कुणीही निघालं, तरी आधी मला उठवावं लागेल. निघालं तर.